सातव्या रकान्यातला थोर माणूस

फाटक उघडंच होतं. गाडीचा मागमूस नव्हता, रूळ उन्हात चकाकत होते आणि सहावं घर समोर, रुळांपलीकडे शंभर पावलांवर दिसत होतं. त्याच्या अंगणात वाळत घातलेल्या गोधडीची नक्षीसुद्धा इथून ओळखता येत होती. तरी आपा, नाव त्यांचं कालीचा, डावीकडे वळल्या.

झालं, असिपा मनात म्हणाली. डावीकडे म्हणजे पार जुन्या पुलापर्यंत जायचं, पुलाखालून पलीकडे निघायचं आणि तेवढंच अंतर मागे यायचं. चाळीस मिनिटांचा फेरा. सकाळपासून दोघी चालत होत्या. पाच घरं झाली होती, आणि नानचा तुकडा तोंडात टाकल्याशिवाय कुणी उंबरठ्याबाहेर सोडत नाही, म्हणून पोटात पाच घरांचं नान, पाच घरांची साय आणि पंधरावीस वाट्या चहा डुचमळत होता. असिपाला त्रेसष्टावं लागलं होतं. आपा सत्त्याहत्तरच्या. पण पुढे आपाच होत्या.

"आपा, माझ्या पायांत गोळे आलेत हो."

"मग तू जा सरळ. मी येते पुलाखालून. तोवर त्यांच्याकडे बसून आणखी एक घास खा."

असिपा त्यांच्यामागे निघाली. रूळ ओलांडा असं आपांना म्हणायचं नसतं, हे वीटभट्टी वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

दोघी थोर माणूस शोधायला निघाल्या होत्या. हौस म्हणून नव्हे. सरकारी कागदावर तशी जागा होती म्हणून.

बिश्केकच्या त्या टोकाला पिवळी शाळा कुठे, असं विचारलं तर म्हाताऱ्यांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सगळे हनुवटीनेच दाखवतात. शाळेला नंबर आहे, पण तो कुणाला आठवत नाही. बैठी लांबलचक इमारत, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, उंच खिडक्या, दारापुढे चार लाकडी खांब, आणि दर वसंतात दिला जाणारा पिवळा चुना. फेब्रुवारीत नगरपालिकेचं पत्र आलं. इमारतीचं आयुष्य संपलं आहे, ती पाडून तिथे चौदा मजल्यांची निवासी इमारत होईल, आणि मुलांच्या सोयीसाठी त्यांची व्यवस्था रुळांपलीकडच्या शाळेत केली जाईल. मुलांची सोय या शब्दाखाली कुणीतरी रेघसुद्धा मारली होती. तीनशे दहा मुलं, सकाळ-संध्याकाळ, मालगाड्यांचे सहा रूळ ओलांडणार. सोयच सोय.

मुख्याध्यापक शायलोबेक हा असिपाचाच जुना विद्यार्थी. माणूस वाईट नव्हता, पण त्याला कुणाला नाही म्हणता यायचं नाही. शाळेत असताना तो दोन वेगवेगळ्या मुलांना एकाच प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरं पुरवायचा आणि दोघांनाही नापास करून स्वतः पास व्हायचा. त्याला कुणीतरी सांगितलं की इमारत वारसा समितीच्या यादीत गेली तर नगरपालिकेचा बापही तिला हात लावू शकत नाही. त्याने अर्ज मागवला. एकोणीस रकाने. लांबी, रुंदी, बांधकामाचं साहित्य, छपराचा प्रकार. सहा रकाने त्याने एका बैठकीत भरले आणि सातव्याशी येऊन अडला. सातवा रकाना होता, 'वास्तूशी संबंधित थोर व्यक्ती'. त्यापुढे कंसात लिहिलं होतं, एक.

त्याने असिपाला घरून बोलावून घेतलं. ती निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, पण शाळेत काही लिहायचं म्हटलं की तिलाच बोलावत.

"एजे, आपल्या शाळेतून कुणी थोर निघालं का हो?" त्याने विचारलं. शिकवणाऱ्या सगळ्या बाई त्याला अजून एजेच, थोरल्या बहिणी.

असिपाने बराच वेळ विचार केला. बेकरीवाले निघाले, ड्रायव्हर निघाले, तीन सुइणी, एक कुस्तीगीर, बाजारातला अर्धा कोळसा आणि पाऊण कांदा विकणारे निघाले. माणसं चांगली होती. थोर मात्र ती छातीवर हात ठेवून कुणाला म्हणू शकेना. खोटं लिहायचं नाही, हा तिचा नेम होता. पाच वेळा नमाज पढणारी बाई. पाढ्यात चुकलेल्या मुलालाही तिने कधी उगाच वाढीव गुण दिले नव्हते.

"कालीचा आपांना विचार," ती म्हणाली. "त्यांना सगळी मुलं आठवतात."

कालीचा आपा शेचाळीस वर्षं त्या शाळेच्या शिपाईबाई. पहाटे पाचला येऊन सात शेगड्या पेटवायच्या, फरशा पुसायच्या, तासाला घंटा द्यायची. वीज जाते म्हणून विजेची घंटा कधी टिकली नाही. पितळी घंटा आपांच्या हातात आली ती राहिलीच. आता नोकरी संपून पंधरा वर्षं झाली, तरी सकाळी पावणेआठला त्या शाळेच्या दाराशी असतात. त्यांना काढायला कुणी धजावलं नाही, आणि पगार द्यायलाही नाही.

मुलं त्यांना आठवत, पण गुणपत्रिकेवरून नव्हे. हिवाळ्यात पाळीपाळीने एकेका मुलाला कोठीतून शेगडीसाठी कोळशाची बादली आणावी लागे. कोण भरलेली आणतो, कोण अर्धी, कोण धाकट्याच्या डोक्यावर देतो, एवढं बघून आपांनी साडेचार हजार मुलांचा हिशेब कायमचा मिटवून टाकला होता. त्यामुळे तिसऱ्या घरात पाटबंधारे खात्याच्या एका माजी उपमंत्र्याचा सोनेरी चौकटीतला फोटो समोर आला, त्याच्या विधवेने डोळे पुसले आणि असिपाने वही उघडली, तेव्हा आपांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि शांतपणे म्हणाल्या, "हा ना? याची पाळी आली की याचं पोट दुखायचं." असिपाने वही मिटली.

चौथ्या घरातला गोलरक्षक अर्धी बादलीवाला निघाला. पाचव्यातला प्राध्यापक डोक्यावर देणारा.

"एक तरी भरलेली आणायचा का हो, आपा?" पुलाकडे चालता चालता असिपाने विचारलं.

"आणायचा की."

"मग सांगा ना. त्याच्याच घरी जाऊ."

आपांनी चालण्याचा वेग वाढवला. पुलाखाली गारवा होता, वरून एक मालगाडी जात होती आणि दगडांतून माती झरत होती. गाडी पूर्ण जाईपर्यंत आपा भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, डोळे मिटून. असिपाही थांबली. विचारायला नको होतं, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

आपांचा धाकटा भाऊ जुनुश. आपा अकरा वर्षांच्या, तो नऊ. त्या हिवाळ्यात कुणा अधिकाऱ्याने पिवळी शाळा गव्हाच्या पोत्यांसाठी ताब्यात घेतली आणि मुलांना रुळांपलीकडे पाठवलं. तेव्हाही मुलांच्या सोयीसाठीच. बहीणभाऊ हात धरून जायचे. एके दिवशी आपांच्या लोकरी नमद्याच्या बुटाचा बंद सुटला, तो बांधायला त्यांनी भावाचा हात सोडला. एवढंच. पुढच्या वसंतात गहू हलवला, शाळा उघडली, आणि सोळाव्या वर्षी कालीचाने तिथेच नोकरी धरली. तेव्हापासून आजतागायत त्यांनी रूळ ओलांडलेले नाहीत. बाजार असो, दवाखाना असो, लेकीचं सासर असो, सगळं पुलाखालून.

"चल," गाडी गेल्यावर आपा म्हणाल्या. "सादिरचं घर राहिलंय. त्याच्याकडे मांस असणार. तुझं नानवरून लक्ष उडेल."

सादिरला सगळे सादिरबाय म्हणत, बाय म्हणजे धनवान. त्याच्याकडे मांस होतंच. लोखंडी फाटक, अंगणात तीन ट्रक, ओसरीवर गालिचे. त्याने दोघींना मानाच्या जागी बसवलं, त्यांचं म्हणणं ऐकलं आणि मांडीवर थाप मारून म्हणाला की शोध संपला. थोर माणूस म्हणजे त्याचे दिवंगत वडील. वडील कोळशाच्या डेपोवर वीस वर्षं मुख्य होते.

आपा हाड चोखत होत्या. हाड ताटात ठेवून म्हणाल्या, "तुझे वडील शाळेला कोळसा द्यायचे, मला आठवतंय. पाण्याने भिजवून द्यायचे. वजन छान भरायचं."

सादिरबाय हसला. म्हातारीचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. मग त्याने ते वाक्य उच्चारलं, ज्याने पुढचं सगळं रामायण घडवलं. म्हणाला, कागदावर नाव लिहून काय होतंय? समितीला भिंतीवर दिसलं पाहिजे. दगडाचा फलक आम्ही करून देतो, बसवायचा खर्चही आमचा.

असिपाने हे मुख्याध्यापकाला सांगितलं आणि वर बजावलं की नाही म्हण. शायलोबेक नाही म्हणायला गेला. सादिरबायने त्याच्या खांद्यावर कशिदा काढलेला चोगा घातला, डोक्यावर पांढरी टोपी चढवली आणि अंगणात मेंढा कापला. तो हो म्हणून परत आला.

आता किर्गीझ माणूस एकवेळ स्वतःचं नाव विसरेल, पण सात पिढ्यांचे बाप त्याला झोपेतून उठवलं तरी क्रमाने म्हणता येतात. आणि त्या सातांपैकी निदान एकाच्या नावाने कुठे रस्ता नाही, चौक नाही, बसथांबाही नाही, ही ज्याच्या त्याच्या काळजातली सल असते. पिवळ्या शाळेच्या भिंतीवर सादिरच्या बापाचा फलक लागतोय ही बातमी दोन दिवसांत वस्तीभर झाली. मग काय, त्याचा बाप थोर, तर आमचे काय वाटेवर पडलेत? तिसऱ्या दिवशी उपमंत्र्याचे पुतणे आले. चौथ्या दिवशी गोलरक्षक स्वतः आला, तो तर अजून जिवंत होता. जन्मतारखेपुढे रेघ मारून पुढची जागा मोकळी ठेवा म्हणाला. प्रत्येकाने चोगा आणला, प्रत्येकाने मेंढा कापला. शायलोबेकच्या कपाटात चोगे मावेनात. तीन आठवड्यांत अकरा फलक झाले.

मजकूर असिपाने लिहिले. खोटं लिहायचं नाही हा नेम तिने मोडला नाही, फक्त शब्द शोधले. पोट दुखणाऱ्या उपमंत्र्यासाठी तिने लिहिलं, 'बालपणापासून प्रकृतीशी झुंज देत'. डोक्यावर देणाऱ्या प्राध्यापकासाठी, 'लहानांना जबाबदारीची शिकवण देणारे'. ओल्या कोळशाला तिला दोन रात्री लागल्या. शेवटी 'कोळसा आणि पाणी या दोन्ही क्षेत्रांत मोलाचं योगदान' हे सुचलं, तेव्हा तिला स्वतःचाच अभिमान वाटला, आणि पाठोपाठ थोडी लाजही. फलक लागला की कुराणाचे चार शब्द म्हटले जात आणि सगळे हात उचलत. असिपाही उचलायची. मेलेल्यासाठी केलेली प्रार्थना वाया जात नाही अशी तिची श्रद्धा होती. फक्त कोण, कसा होता, ते ती देवाला मनातल्या मनात नीट सांगायची.

विरोध करणारं एकच माणूस होतं. ड्रिलचा पहिला आवाज आला तेव्हा कालीचा आपा घंटा हातात घेऊनच बाहेर आल्या.

"शायलोबेक, पोरा, ही भिंत माझ्या आईने पायांनी तुडवलीय," त्या म्हणाल्या. "माती, पेंढा आणि घोड्याची लीद. दुसरं काही नाही तिच्यात. मी कॅलेंडरसुद्धा पिठाच्या खळीने चिकटवते. खिळा सोसत नाही तिला."

"आपा, हे बोल्ट आहेत," शायलोबेक म्हणाला. "जर्मनीचे. हातभर लांब."

"म्हणजे पलीकडे वर्गात निघतील."

तीन निघालेही. दुसरीच्या वर्गात मुलांनी त्यांना टोप्या अडकवायला सुरुवात केली.

सादिरबायचा फलक शेवटी आला, कारण तो सर्वांत मोठा होता. काळा ग्रॅनाइट, त्यावर कोरलेला वडिलांचा चेहरा, वासराएवढं वजन. आठ माणसांनी उतरवला. त्याला दाराच्या बरोबर वरची जागा हवी होती, आणि ती इतर दहा घराण्यांनी एकमेकांना मिळू नये म्हणून मोकळी ठेवली होती. तीन दिवस भांडण झालं. मग सादिरबायने आणखी एक मेंढा कापला.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात वारसा समिती आली. अध्यक्ष बारीक चणीचा, पोटाच्या विकाराने गांजलेला सरकारी माणूस. डब्यात लापशी घेऊन फिरायचा. बरोबर दोन मदतनीस, एक फीत आणि एक कॅमेरा. त्यांना इमारत बघायची होती. पण पाहुण्याला न जेवता काम कसं करू द्यायचं? अंगणात तीन तंबू उभे होते. आणि मेंढा सगळ्यांनी मिळून एक करावा, हे मुख्याध्यापकाचं म्हणणं कुणी कानावर घेतलं नव्हतं. दुसऱ्याच्या मेंढ्यावर आपला बाप कसा थोर होणार? अकरा घराण्यांनी अकरा मेंढे शिजवले.

मानाच्या पाहुण्यापुढे मेंढ्याचं मुंडकं ठेवायचं, त्याने त्याचा कान कापून लहानग्याला द्यायचा, एवढा साधा रिवाज. अध्यक्षापुढे अकरा मुंडकी आली. एकाला हात लावला आणि दुसऱ्याला नाही, तर दहा घराण्यांचा अपमान. तो बिचारा सुरी घेऊन बसला. पहिला कान, दुसरा कान. समोर मुंडक्यांची रांग अशी होती की मागे बसलेल्या माणसाच्या फक्त भुवया दिसाव्यात. सहाव्या कानाला त्याने विचारलं की सातव्या रकान्यात नक्की कुणाचं नाव आहे. एकदम अकरा माणसं उभी राहिली.

कालीचा आपा जेवायला बसल्या नव्हत्या. मुलांना घेऊन त्या मागच्या अंगणात गेल्या होत्या; आत्ता दाराजवळून कुणी जाऊ नका, भिंत बोलतेय, असं असिपाला सांगून. असिपाला वाटलं, म्हातारपण. मग तिलाही ऐकू आलं. आधी बारीक किरकिर, घट्ट बुटात पाय घालताना होते तशी. मग भिंतीने लांब श्वास टाकला. दारावरचा काळा ग्रॅनाइट खालच्या अंगाने सुटला, क्षणभर पुढे झुकून त्याने सगळ्या पाहुण्यांकडे पाहिलं, आणि बैलगाडीभर माती घेऊन पायरीवर आला. त्याच्यापाठोपाठ प्रकृतीशी झुंज देणारे उपमंत्री आणि गोलरक्षक खाली उतरले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. धूळ मात्र अकराही मुंडक्यांवर सारखी बसली, त्यात भेदभाव झाला नाही.

अध्यक्षाने सुरी खाली ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच सुटकेचा भाव आला, कारण आता कुणी त्याला खा म्हणेना.

आठवड्याने अर्ज परत आला. शेरा छोटा होता. वास्तू जुनी व मोलाची. सातव्या रकान्यात एकाऐवजी अकरा नावं. दर्शनी भिंतीला स्मारकांमुळे गंभीर इजा. सर्व फलक काढावेत, भिंत मूळ मातीने दुरुस्त करावी आणि एकच नाव लिहून सोमवारपर्यंत नवा अर्ज द्यावा; अन्यथा पाडकामास समितीची हरकत नाही.

भिंतीची काळजी आपांनी घेतली. वस्तीतल्या सात म्हाताऱ्या आणि चाळीस मुलं त्यांनी मातीत उतरवली. पेंढा बाजारातून आला, लीद घोडेवाल्याने फुकट दिली. तीन दिवसांत भिंत पहिल्यासारखी झाली. अवघड होता तो रकाना. अकरा घराण्यांपैकी एकही मागे हटेना. प्रत्येकाचं म्हणणं एकच: आमचा, नाहीतर कुणाचाच नाही. शायलोबेकने दोनदा सभा बोलावली. तिसऱ्यांदा त्याचा रक्तदाब वाढला आणि तो दवाखान्यात जाऊन झोपला. जाताना कोरा अर्ज त्याने असिपाच्या हातात दिला. "एजे, तुमचं अक्षर चांगलं आहे," म्हणाला.

रविवारी दुपारची नमाज आटोपून असिपा शाळेत आली. कालीचा आपा पायरीवर बसून ओल्या भिंतीला तळहाताने गुळगुळीत करत होत्या. पिवळा चुना अजून द्यायचा होता. त्या जागी भिंत तपकिरी होती आणि तिच्यात मुलांच्या बोटांचे ठसे जसेच्या तसे होते. पलीकडून मालगाडीची शिट्टी आली. आपांचा हात थांबला, आणि गाडी गेल्यावर पुन्हा चालू झाला.

असिपाने शेजारी बसून अर्ज मांडीवर घेतला. म्हणाली की तिने सगळ्यांना विचारून पाहिलं. ज्याला पोर ना नातू, भाऊ ना पुतण्या, असा एखादा थोर माणूस असता तर भांडायला कुणी उरलं नसतं. सादिरबायसुद्धा मान्य करेल; त्याला स्वतः हरल्याचं दुःख नाही, शेजारी जिंकू नये एवढंच हवंय. पण असा माणूस आणायचा कुठून?

"भरलेली बादली आणायचा असा एक होता म्हटलं होतं मी तुला," आपा म्हणाल्या.

असिपाने मांडीवरचा अर्ज सरळ केला.

"त्याच्या पाळीला तो दोन खेपा करायचा. स्वतःची एक आणि ज्याचं पोट दुखायचं त्याची एक. तिसऱ्या बाकावर बसायचा, खिडकीशी. पाढे उलटे म्हणून दाखवायचा. मूलबाळ नाही. पुतणे नाहीत. एक बहीण आहे, ती भांडणार नाही."

"आपा, तो नऊ वर्षांचा होता."

"हो ना. म्हणून तर म्हणतेय. पुढचं तू लिही."

असिपाने अर्जाकडे पाहिलं, मग आपांकडे. ती हळूच म्हणाली की सरकारी कागदावर खोटं तिच्या हातून होणार नाही. देवाला काय तोंड दाखवायचं?

"अकरा लिहिलेस तेव्हा तुझी वुजू, नमाजाआधीची शुद्धी, मोडली नाही?"

"ते खोटं नव्हतं. मी शब्द..."

"कोळसा आणि पाणी," आपा म्हणाल्या. "मी वाचलं सगळं. छान लिहितेस. ज्यांनी अर्धी बादली आणली त्यांना तू पूर्ण आयुष्य दिलंस, पोरी. याला कुणी दिलंच नाही." त्यांनी मातीचा हात परकराला पुसला. "फार मोठा नको करू. मंत्री नको, मंत्री केलास की नातेवाईक उगवतील. पुलांचं काम करणारा कर. पायी चालणाऱ्यांचे पूल, रुळांवरून जाणारे. आणि लग्नाआधी मार, म्हणजे वारस विचारत येणार नाहीत. तीनशे दहा मुलं आहेत आत. त्यांच्यातल्या एकीच्या बुटाचा बंद सुटला तर तिला इथे, या पायरीवर बसून तो बांधू दे."

असिपाने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. कोपऱ्यावर सादिरबायचा ट्रक आपला काळा दगड घेऊन वळत होता. वडिलांचा चेहरा उलटा ठेवलेला होता, आकाशाकडे पाठ करून.

"जन्मतारीख मी सांगते, ती खरी आहे," आपा म्हणाल्या. "बाकीचं तुला जमेल तसं लिही. देवाने विचारलं तर माझं नाव सांग, मी बघून घेईन. तेवढं त्याचं नाव मात्र खरं लिही. जुनुश. नीट, मोठ्या अक्षरात लिही."